आठ मिलिमीटर

जानेवारी 2023. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर पहाटे चारपासून आम्ही रांगेत होतो. माझा नंबर यायला अकरा वाजले. बूट-मोजे काढून मी उंचीच्या पाटावर उभी राहिले. मोजमाप घेणाऱ्या ताईंनी माझ्या टाचा मागे सरकवल्या, अंबाडा सोडायला लावला, हनुवटी बोटाने किंचित खाली आणली आणि सरकती पट्टी डोक्यावर टेकवली.

"एकशे चोपन्न पॉइंट दोन."

शेजारी बसलेल्या साहेबांनी आकडा लिहिला. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर मुलीची उंची किमान 155 सेंटीमीटर लागते, मुलाची 165. मला आठ मिलिमीटर कमी पडले. मी अपील केलं. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी समोर उभं राहून पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेवढीच भरली. त्यांनी नीट मोजली होती, याबद्दल तेव्हाही माझ्या मनात शंका नव्हती. छातीवरचा नंबर काढून दिला आणि बाहेर आले. आठशे मीटर धावायची वेळच आली नाही. त्या आठशे मीटरसाठी मी सात महिने रोज पहाटे साडेचारला उठत होते.

गेटबाहेर आप्पा उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

भरतीच्या तयारीसाठी मी अकॅडमीत गेले तेव्हा तिथे माझी उंची 155.5 लिहिली होती. मेस आणि राहणं धरून महिना सहा हजार. आप्पांनी उसाच्या बिलातून भरले होते. घरी आल्यावर आठवडाभराने मी सामान आणायला अकॅडमीत परत गेले तेव्हा भिंतीवरचा टेप जवळ जाऊन पाहिला. शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप, चिकटपट्टीने लावलेला. त्याच्या टोकाचा पत्रा तुटून गेला होता आणि त्याबरोबर पहिला सेंटीमीटरही. जमिनीला जिथे शून्य असायला हवा तिथे एकचा आकडा होता. तिथे मोजलेल्या प्रत्येक मुलीची उंची एक सेंटीमीटरने जास्त लिहिली गेली होती. त्यातच माझी मोजली होती सकाळी.

सकाळी माणूस उंच असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर उभं राहून, बसून दाबल्या जातात. एक-दीड सेंटीमीटरचा फरक सहज पडतो आणि त्यातला बराचसा उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच निघून जातो. भरतीच्या मैदानाबाहेर मुलं-मुली चादर अंथरून आडवी पडलेली दिसतात, ती याचसाठी. मी मात्र चार वाजल्यापासून सात तास उभी होते.

आठ मिलिमीटर. मी पट्टी घेऊन वहीवर तेवढी रेघ मारून बघायचे. एवढंसं तर आहे, वाढेल की! एकोणीस वर्षं संपायची होती माझी. आत्या म्हणायची, बायका बाळंतपणापर्यंत वाढतात. शेजारचा मुलगा म्हणायचा, एकवीसपर्यंत वाढते, त्याच्या मामाची वाढली होती. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

त्यानंतरचे पाच महिने मी काय काय केलं ते सगळं सांगते, कारण आजही माझ्यासारखी कुणीतरी हेच करत असणार.

गोठ्याच्या आढ्याला आप्पांनी लोखंडी पाइप बांधून दिला. सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं मी त्याला लटकायचे. तळहाताला आधी फोड आले, मग घट्टे पडले. ताडासन, दोरीवरच्या उड्या, झोपताना पायाला ओढ देणं. रोज रात्री दाराच्या चौकटीपाशी उभी राहायचे आणि धाकटी माझ्या डोक्यावर वही टेकवून पेन्सिलीने खूण करायची. खुणा एकमेकींवर चढून तिथे काळा पट्टा झाला. कधी खूण दोन मिलिमीटर वर जायची. त्या रात्री मला झोप लागायची नाही. दुसऱ्या दिवशी ती परत खाली यायची.

मग पावडर. मोबाइलवर जाहिरात दिसली, तीन महिन्यांत दोन इंच, कोणत्याही वयात. तीन डबे, 2,800 रुपये. हे पैसे मी आईकडून मागितले. आईने ते बचत गटातून उचलले. डबा फोडला तर दुधाच्या भुकटीसारखा वास आणि खाली कडवट चव. दोन वेळा दुधातून घ्यायची. दुसऱ्या महिन्यात छातीत जळजळ सुरू झाली, जेवण जाईना, धावताना दम लागायला लागला. तरी तिसरा डबा संपवला, कारण पैसे भरलेले होते.

उंची 154.2.

अकॅडमीतल्या एका मैत्रिणीने इंजेक्शनचं नाव काढलं. कुठल्याशा शहरात देतात, महाग असतं, पण नक्की वाढते म्हणे. आप्पा एक एकर गहाण ठेवायचं बोलायला लागले तेव्हा आई पहिल्यांदा ठामपणे म्हणाली, "आधी मोठ्या दवाखान्यात दाखवू. तिथले डॉक्टर टोच म्हणाले तर टोचू."

जून महिन्यात आम्ही दोघी पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेलो आणि दीड वाजता हार्मोनच्या डॉक्टर मॅडमसमोर बसलो. मला वाटलं होतं, एवढ्या गर्दीत त्या मला दोन मिनिटांत वाटेला लावतील. त्यांनी तसं केलं नाही.

पहिला प्रश्न आईला विचारला, "तुमची उंची किती?" आईला माहीत नव्हतं. कुणी कधी मोजलीच नव्हती. मॅडमनी तिला चप्पल काढून उभं केलं. 149. आप्पांची मला माहीत होती, 166. मॅडमनी केसपेपरच्या मागे गणित मांडलं. दोघांची उंची मिळवायची, मुलगी असेल तर त्यातून तेरा वजा करायचे, मुलगा असेल तर तेरा मिळवायचे आणि निम्मं करायचं. 166 आणि 149 म्हणजे 315, तेरा गेले 302, निम्मे 151. याच्या आठ-साडेआठ सेंटीमीटर वर किंवा खाली, एवढ्या पट्ट्यात बहुतेक मुली बसतात.

"म्हणजे ही तुमच्या घरच्या हिशेबापेक्षा तीन सेंटीमीटर जास्तच वाढलीय," मॅडम आईला म्हणाल्या.

मग माझी पाळी कधी सुरू झाली ते विचारलं. सातवीत, बाराव्या वर्षी. मुलींची सगळ्यात जोराची वाढ पाळी येण्याआधी होऊन जाते, त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढ उरलेली असते, असं त्यांनी सांगितलं. मी सोळा-सतरा वर्षांची असताना हे कुणी सांगितलं असतं तर! पाळीबद्दल आम्हाला शाळेत सांगितलं ते पॅड कसं वापरायचं एवढंच.

त्यांनी रक्त तपासायला दिलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, आणि डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढायला सांगितला. मला कळेना, उंचीसाठी हाताचा एक्स-रे कशाला? पाय का नाही?

तो एक्स-रे मी जपून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत लहानमोठी खूप हाडं एकाच चित्रात दिसतात आणि कोणतं हाड कोणत्या वयात कसं दिसतं ते ठरलेलं असतं, म्हणून हात. शेजारी त्यांनी दुसरा एक्स-रे लावला, अकरा वर्षांच्या कुठल्याशा मुलीचा. तिच्या प्रत्येक बोटाच्या हाडाच्या टोकाशी एक काळी फट होती, जणू हाड आणि त्याची टोपी यांच्यामध्ये कुणी कागद सरकवून ठेवलाय. "ही फट म्हणजे वाढीची पट्टी. ही कुर्चा आहे, मऊ. इथे नवीन पेशी तयार होतात, त्यांचं हाड होतं आणि माणूस लांबीला वाढतो. दुसरीकडे कुठेही वाढत नाही."

मग त्यांनी पेन माझ्या हाताच्या चित्रावर नेलं. एकेका बोटावरून फिरवत मनगटाशी आणलं. कुठेच फट नव्हती. अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाच्या टोकाशी, मनगटाच्या जरा वर, केसासारखी एक पांढरी रेघ होती. तिथे पट्टी होती. मिटून तिचा वण राहिला होता. पंजातल्या पट्ट्या मिटतात त्यात ही शेवटची.

"ही मिटून बरेच दिवस झालेत, बाळ. आता उंची वाढणार नाही. गोळीने नाही, लटकून नाही, इंजेक्शनने नाही."

मी रडले नाही. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आई मात्र रडली. ती म्हणाली, "मी हिला लहानपणी दूध दिलं नाही. आमच्याकडं दूध डेअरीला जायचं सगळं." मॅडम उठून तिच्याजवळ आल्या. लहानपणी पोटभर न मिळालेल्या मुलांची उंची मागे राहते हे खरं आहे, त्या म्हणाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. पण या पोरीचं तसं काही झालेलं दिसत नाही. ती तुमच्यापेक्षा पाच सेंटीमीटर उंच आहे, ती तुम्ही खाऊ घातलं म्हणूनच.

हे वाक्य आईने घरी येऊन आप्पांना, आत्याला, शेजारणीला, सगळ्यांना सांगितलं.

मी मॅडमना सगळं विचारून घेतलं, पुन्हा तिथे येणं होणार नव्हतं. वाढीचं हार्मोन प्रयोगशाळेत तयार व्हायला लागलं 1985 च्या सुमारास. ज्या मुलांच्या शरीरात ते कमी तयार होतं त्यांना ते लहानपणी देतात आणि त्यांची उंची वाढते. पट्ट्या मिटल्यावर त्याने लांबी वाढत नाही, उलट साखर वाढणं, सांधे दुखणं असले त्रास पाठी लागू शकतात. पायाचं हाड कापून लांबी वाढवायची शस्त्रक्रिया आहे, रशियाच्या कुर्गान शहरातले डॉक्टर इलिझारोव्ह यांची. हाड कापून बाहेरून कड्या बसवतात आणि दिवसाला एक मिलिमीटर याप्रमाणे दोन टोकं दूर नेतात, मधे नवं हाड भरत जातं. आखूड-वाकड्या पायाच्या माणसांसाठी ती मोठी देणगी आहे. "पण धडधाकट पाय कापून तू आठशे मीटर धावणार आहेस का?" मॅडमनी एवढंच विचारलं.

मुलांचं काय, तेही विचारलं, कारण अकॅडमीत 164 वर अडकलेले तिघेजण होते. मुलांच्या पट्ट्या मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा मिटतात आणि ज्याला दाढी-मिशी उशिरा फुटली त्याची वाढ अठराव्या वर्षीही थोडी शिल्लक असू शकते. म्हणून त्यांच्यासाठीही उत्तर एकच, एक्स-रे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पट्टी मिटवणारं हार्मोन मुलींमध्ये आणि मुलांमध्ये एकच असतं, इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. 1994 मध्ये एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची खूणच कळत नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षी तो 204 सेंटीमीटर होता आणि त्याच्या पट्ट्या तेव्हाही उघड्या होत्या. पट्ट्या मिटल्या नव्हत्या म्हणूनच तो वाढत राहिला होता. कितीही वयाला उंची वाढेल असं सांगणाऱ्यांनी हे बघायला हवं. वाढ कुठे थांबते आणि का थांबते ते शोधलं गेलंय.

पावडरचा डबा मी पिशवीत नेला होता. मॅडमनी लेबल वाचलं आणि मला एक कायदा सांगितला. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा, 1954 चा. कोणत्या तक्रारींवर औषधाची जाहिरात करायची नाही, याची त्यात यादी आहे आणि त्या यादीत माणसाची उंचीही आहे. माझ्या आईच्या जन्माआधीचा कायदा. तरी बचत गटाचं कर्ज काढून आम्ही तीन डबे घेतले. मला त्या जाहिरातवाल्यांचा आजही संताप येतो. मोबाइलमागून मोबाइलवर ती जाहिरात फिरत असते आणि दर वेळी ती एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापर्यंत पोचते, जो आज रात्री वहीवर रेघ मारून बघत बसलाय.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन 9.8. धावताना लागणारा दम पावडरमुळे म्हणून मी सोडून दिला होता, तो मुळात रक्त कमी असल्याचा होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या. उंचीच्या मागे धावताना जे खरंच दुरुस्त होण्यासारखं होतं तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. शाळेची प्रगतिपुस्तकं आप्पा जपून ठेवतात. पहिल्याच पानावर उंची आणि वजनाचा रकाना असतो, वर्गशिक्षक जूनमध्ये भरतात, कुणी कधी वाचत नाही. मी पाचही पुस्तकं जमिनीवर मांडली. सहावी 141. सातवी 147. आठवी 151. नववी 153. दहावी 154. मग अकरावीच्या आरोग्य तपासणीचा कागद सापडला, 154. बारावीच्या एनसीसीच्या अर्जावर, 154.

एका वर्षी सहा, मग चार, मग दोन, मग एक, मग शून्य. माझी वाढ थांबताना गुरुजी निळ्या शाईने लिहीत होते. ज्याला वजाबाकी येते त्याला हे कळलं असतं. मला अकॅडमीत टाकण्याआधी आम्ही हे कागद बघितले असते, तर तो सहा हजारांचा महिना, तो पाइप, ती पावडर, काहीच झालं नसतं. मी अकॅडमीच्या सरांना फोन करून टेपचं सांगितलं. आधी ते रागावले, मग गप्प झाले. पुढच्या बॅचच्या एका मुलीने मला सांगितलं की आता तिथे लोखंडी पट्टी लावलीय आणि पहिल्याच दिवशी, पैसे घेण्याआधी मोजतात.

त्याच जून महिन्यात वनविभागाची जाहिरात आली, वनरक्षकाच्या 2138 जागा. मी ती आधी वरवर वाचून सोडली असती, कारण मला खाकीच हवी होती आणि ती पोलिसाचीच हवी होती. आता मी प्रत्येक जाहिरातीत आधी उंचीचा रकाना बघते. वनरक्षकासाठी महिलांना 150 सेंटीमीटर लागतात, अनुसूचित जमातीच्या महिलांना 145. पुरुषांना 163. धावायचं तीन किलोमीटर, आणि निवड झाल्यावर चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं. चालणं मला आयुष्यात कधी जड गेलेलं नाही, हायस्कूल पाच किलोमीटरवर होतं.

पोलिसांनी 155 का ठेवलंय, वनविभागाने 150 का, यावर मी पुष्कळ विचार केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतीय बायकांची सरासरी उंची साधारण 152 भरते. म्हणजे पोलिसांची अट सरासरी बाईच्याही वर आहे. ही अट बदलावी असं मला वाटतं, आणि ते मी अपात्र ठरले म्हणून नाही. गर्दीतून वाट काढताना किंवा रात्री अकराला एखाद्या बाईची तक्रार लिहून घेताना आठ मिलिमीटर कुठे उपयोगी पडतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण अट आहे तोवर ती आहे, आणि तिच्यासाठी कुणी शरीराचे हाल करू नयेत.

लेखी परीक्षा 120 गुणांची होती, ती निघाली. पुढच्या वर्षी कागदपत्रं आणि मोजमापासाठी बोलावलं. पुन्हा रांग, पुन्हा तसाच पाट, पुन्हा केस सोडले. मी टाचा स्वतःच मागे टेकवल्या, पाठ, खांदे आणि डोकं मागे लावलं, नजर सरळ ठेवली. "एकशे चोपन्न पॉइंट दोन," आतून आवाज आला. "पुढे."

तीन किलोमीटर धावले. गोळ्यांनी हिमोग्लोबिन 12 वर आलं होतं, दम लागला नाही. निवड यादीत माझं नाव आलं नाही, चार गुण कमी पडले. ते लेखीत कमी पडले, मराठी व्याकरणात आणि इंग्रजीत. तिथे अभ्यास करता येतो. मी तोच करतेय.

धाकटी आता अकरा वर्षांची आहे, सहावीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचे वाढीचे तक्ते काढले. पुण्यातल्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा आहे. मुलींचा तक्ता मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज नाही, दर सहा महिन्यांनी मोजायचं, मॅडमनी बजावलं होतं, रोज मोजून फक्त मन खराब होतं. पाळी येण्याआधीच्या वर्षांत वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ दिसली तर डॉक्टरांकडे न्यायचं, तेव्हा काहीतरी करता येतं. आम्ही जूनमध्ये आणि दिवाळीत मोजतो, दोन्ही वेळा संध्याकाळी, लोखंडी पट्टीने, डोक्यावर काटकोनात पुठ्ठ्याचं खोकं धरून.

तिला पोलीस व्हायचं नाही. काय व्हायचंय ते दर आठवड्याला बदलतं. या दिवाळीत ती चौकटीपाशी उभी राहिली, हळूच टाचा उचलायला लागली, आणि मी तिच्या पायावर हात ठेवला. 138.6. जूनपेक्षा साडेतीन जास्त. तिने स्वतः तक्त्यावर टिंब दिलं आणि मागच्या टिंबापासून रेघ ओढली.